चिंचेनं घासलेली राणी

सीताबर्डीवर भर दुपारी गारा पडायला लागल्या आणि फुटपाथवरची गर्दी वाट फुटेल तिकडे पळाली. कुणी कपड्यांच्या दुकानात शिरलं, कुणी मोबाईलच्या गाळ्यात. आणि चष्म्यांच्या त्या लांबट, अरुंद दुकानात, जिथं दीक्षा काउंटरमागे उभी होती, एक उंच सावळा मुलगा डोक्यावर बॅग धरून घुसला. केसांत दोन-तीन गारा तशाच अडकलेल्या. त्या वितळून त्याच्या कानामागून ओघळायला लागल्या, तरी तो आपला दारातल्या पायपुसण्यावर अंग चोरून उभा.

"आत या ना," दीक्षा म्हणाली. "गारा थांबेपर्यंत उभं राहायचं भाडं नाही घेत आम्ही."

तो ओशाळला. "नाही नाही... मले घ्यायचंच होतं काहीतरी."

"काय?"

त्यानं भिंतीवरच्या फ्रेमांकडे पाहिलं, लेन्सच्या डब्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "भिंग," तो म्हणाला.

"भिंग? या वयात?"

"वय कोणतंही असो ना जी, बारीक वस्तू बारीकच दिसते."

दीक्षाची मैत्रीण श्वेता आतल्या बाजूला काचा घासायच्या मशीनवर बसली होती. तिनं खुसकन हसून मान आणखी खाली घातली. दीक्षानं ट्रेमधलं गोल भिंग काढून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीतून एक तपकिरी नाणं काढलं आणि त्यावर भिंग धरलं. बघता बघता तो पावसाला, दुकानाला आणि दीक्षालाही विसरून गेला.

तिला ते मुळीच आवडलं नाही. "काय पाहून राहिले एवढं?"

"पाहा ना तुम्हीच."

ती वाकली. भिंगाखाली एक पक्षी होता. टीचभर, गोल पोटाचा, शेपटी उभी करून बसलेला. त्याची चोच, त्याचा डोळा, पंखावरची रेघ न् रेघ...

"चिमणी?"

"चिमणीपेक्षाही लहान. रेन म्हणतात तिकडं. हे फार्दिंग आहे, इंग्लंडचं. पेनीचा चौथा हिस्सा. त्यांच्याकडचं सगळ्यात गरीब नाणं."

"मग इथं कसं आलं?"

"कामठीले गोऱ्यांची छावणी होती ना? शिपाई बोटीतून उतरायचे तं घरची चिल्लर खिशात राहायची. इथं तिले कोण विचारते? कोणी पोराले खेळायले दिली, कोणी फेकली. अजूनही कामठीच्या भंगारवाल्यांकडं पितळेच्या ढिगात सापडते एखादं." त्याचे डोळे चमकायला लागले होते. "लोक सोन्याची जमवतात, चांदीची जमवतात. मी हे तांब्या-कथलाचे जमवतो. याले कोणी विचारत नाही म्हणून..."

तो मधेच थांबला. आपण फार बोललो असं त्याला वाटलं असावं.

"म्हणून काय?" दीक्षानं विचारलं.

"म्हणून मी विचारतो," तो म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

गारा थांबल्या होत्या. बाहेर फुटपाथ पांढराशुभ्र झाला होता आणि फेरीवाले चादरी झटकत होते. भिंग घेऊन तो निघाला. दारातून परत वळला. "माझं नाव प्रशिक. कन्हानच्या इकडं खाणीत सर्व्हेले आहे."

"मी कुठं विचारलं?" दीक्षा म्हणाली.

तो गेल्यावर श्वेता मशीन बंद करून बाहेर आली. "नाही विचारलं तं तोंड काहून एवढं फुललं वं?"

पुढच्या आठवड्यात प्रशिकला भिंगाचा दांडा ढिला वाटला. त्याच्या पुढच्या आठवड्यात काचेवर चरा दिसला, जो दीक्षाला काही केल्या दिसेना. मग कारणं संपली आणि तो बिनाकारण यायला लागला. दुकान बंद झालं की दोघं चालत मेट्रो स्टेशनपर्यंत जायचे. तिथून तो कन्हानच्या बसला आणि ती हुडकेश्वरच्या. दहा मिनिटांची वाट त्यांना तासभर पुरायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही नीटसं सांगता आलं नसतं.

तो नाण्यांबद्दल बोलायचा आणि ती ऐकायची. तिला त्यातलं सगळं कळायचंच असं नाही. पण एखादं नाणं तळहातावर घेऊन तो बोटाच्या टोकानं राणीच्या नाकावरून अलगद रेघ ओढायचा, तेव्हा तिला उगाच आपल्या गालावर काहीतरी फिरल्यासारखं व्हायचं.

एक गोष्ट मात्र तिला टोचत राहायची. प्रशिक डिप्लोमा झालेला, इंग्रजी पुस्तकं वाचणारा. तिनं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष अर्ध्यात सोडलेलं. वडील गेले, आणि घरात पगार आणणारं कुणी उरलं नाही, म्हणून सोडलं. त्यात तिचा दोष नव्हता, हे तिला सगळे सांगायचे. पण कुणी 'शिक्षण किती?' असं विचारलं की तिच्या मानेवरून गरम काहीतरी सरकत जायचं. प्रशिकनं कधीच विचारलं नव्हतं. त्यानं विचारू नये म्हणून ती स्वतःच विषय बदलायची.

मार्चमध्ये नाणे संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. त्यातून एक संग्रह निवडून पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार होता, आणि मंडळाचे अध्यक्ष दादाजी यांनी प्रशिकच्या फार्दिंगांचं नाव जवळजवळ पक्कं केलं होतं. दादाजी म्हणजे निवृत्त डॉक्टर. जिभेला हाड नाही, पण नाण्याला त्यांनी बरं म्हटलं की ते बरंच.

"नाण्यांखाली चिठ्ठ्या लावा लागतात," प्रशिक म्हणाला. "साल, राजा, एवढंच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"माझं पाहिलं नाही का?" दीक्षा म्हणाली. दुकानाची पाटी तिच्याच हातची होती. "मी लिहून देते. काचेच्या चौकटीत लावूनही देते. तू सकाळची पाळी करून थेट हॉलवर ये. तुले काहीच करा लागणार नाही."

शनिवारी सकाळी पाळीवर जाण्याआधी मेट्रोच्या जिन्यात त्यानं डबा तिच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला, बाळ द्यावं तसा. तिनं झाकण किलकिलं केलं. आत मखमलीवर ओळीनं काळीठिक्कर नाणी. शेंगदाण्याची टरफलं जाळावी तशी.

"बाप्पा! हे इतके काळे काहून?"

"तीच तं गंमत आहे. लई मजेदार गोष्ट आहे ती. उद्या सांगतो, सगळ्यांसमोर. तू पहिल्या रांगेत बस." त्यानं घड्याळ पाहिलं, दोन पायऱ्या उतरला, परत चढला. "दीक्षा... हा डबा मी आजवर कोणाच्याच हातात नाही दिला."

आणि धावत निघून गेला.

दुपारी हुडकेश्वरच्या घरी मागच्या अंगणात तिची आई, इंदूबाई, तांब्याची भांडी घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी बहिणीकडचे येणार होते. चिंच भिजवलेली, बाजूला मीठ. एकेक गडू काळा जात होता आणि उगवतीच्या रंगाचा होऊन बाहेर येत होता. दीक्षा ओसरीवर चिठ्ठ्या लिहीत होती. इंदूबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं.

"हे अशेच ठेवणार का वं लोकांपुढं? काळंकुट्ट?"

"जुने आहेत ना, आई."

"जुने आहेत म्हणून मळके ठेवा लागते का? त्या पोराले वेळ नसन. कामाचा माणूस तो. तू तं आहे ना?"

दीक्षानं एक नाणं उचललं. राणीचं तोंड काजळीत बुडाल्यासारखं. उद्या हॉलमध्ये इतरांची चांदीची, सोन्याची नाणी लखलखत असतील आणि प्रशिकची ही अशी... सगळ्यात गरीब. तिनं चिंचेचा कोळ बोटावर घेतला आणि राणीच्या गालावर फिरवला.

काळं गेलं. खालून तांबूस, सोनेरी, कोवळं काहीतरी वर आलं.

"आई! पाहा ना!"

मग ती थांबलीच नाही. जुना टूथब्रश, मीठ, चिंच, पाणी. एकेक राणी, एकेक राजा, नाण्यांच्या पाठीवरची त्रिशूळ घेऊन बसलेली बाई. सगळे अंघोळ करून बाहेर यावेत तसे लखलखीत. दीक्षा गुणगुणत होती. त्याचं तोंड कसं होईल, तो काय म्हणेल, आधी नाण्यांकडे पाहील की आपल्याकडे... रविवारी सकाळी तिनं नाणी चौकटीत बसवली, खाली आपल्या टपोऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावल्या, आणि त्यावर आपली पिवळी ओढणी टाकून ती हॉलवर गेली.

प्रशिक यायचा होता. टेबलाभोवती माणसं जमली होती. दादाजी काठी टेकत आले. "हेच का प्रशिकचे काळे फार्दिंग? दाखव, बेटा."

दीक्षानं ओढणी काढली. अगदी झोकात काढली. ते तिला नंतर किती तरी दिवस आठवत राहिलं, आपण ओढणी किती झोकात काढली ते.

 दादाजी वाकले. भिंग लावलं, काढलं, परत लावलं.

"कोण्या अडाण्यानं घासले हे?"

मागून कुणीतरी हसलं. "चिंच का लिंबू?" दुसऱ्यानं विचारलं, आणि हशा पिकला. भांड्यांच्या दुकानाचं नाव कुणी घेतलं, परत हशा. दीक्षा टेबलाशेजारच्या खांबापाशी उभी होती. तिच्या हातात रिकामी ओढणी होती. कानांत गरम वाफ भरल्यासारखं झालं होतं आणि त्या वाफेतून तिला एकच शब्द ऐकू येत होता. अडाणी.

"हा मळ नव्हता!" दादाजींचा आवाज चढला होता. "टांकसाळीनंच काळे केले होते हे. नवीन फार्दिंग अर्ध्या सॉव्हरिनसारखं, त्यांच्या सोन्याच्या नाण्यासारखं दिसायचं. तेवढंच लहान, तसंच पिवळं. लोक फसायचे. म्हणून कारखान्यातूनच काळं करून पाठवत होते. तो काळा रंग म्हणजेच हे नाणं! घासलं की उरलं काय? भंगार!"

आणि तेवढ्यात दारातून प्रशिक आला. खाणीची धूळ अजून भुवयांवर. त्यानं गर्दी पाहिली, चौकट पाहिली. त्याच्या तोंडावरचं रक्त कुणीतरी पुसून घ्यावं तसं उतरत गेलं. मग त्यानं दीक्षाकडे पाहिलं, फक्त क्षणभर.

"कोणाचं काम हे, प्रशिक?" दादाजींनी विचारलं.

"माझं, सर," तो म्हणाला. "मी धुतले."

"तू? अरे, ही काळ्या रंगाची गोष्ट तं तूच मले..."

"हाव. चुकलं माझं."

"माहीत असून? मग तं तू अडाण्यापेक्षा वाईट!" दादाजींनी काठी आपटली. "चार चमकदार नाणे दाखवून टाळ्या पायजे होत्या तुले. मंडळात असा माणूस मी..." ते वाक्य अर्धंच सोडून वळले. गर्दीही वळली. कुणीतरी जाता जाता प्रशिकच्या खांद्यावर थाप मारून हसलं.

आता बोल, दीक्षा स्वतःला म्हणत होती. आता. मी धुतले, एवढंच म्हण. दोन शब्द. ओठ उघडलेही... आणि मिटले. इतक्या साऱ्या शिकलेल्या माणसांसमोर, ज्यांच्या खिशात भिंगं होती. ती तशीच मागे सरकत गेली, मागे, आणखी मागे, आणि जिन्यावरून खाली उतरून रस्त्यावर आली. प्रशिक तिला शोधत असेल हे माहीत असूनही तिनं समोर आलेली पहिली बस पकडली. ती कुठं जाते तेही पाहिलं नाही.

त्यानंतर तिनं त्याचा फोन घेतला नाही. फोन वाजायचा, ती त्याकडे पाहत राहायची, तो थांबला की रडायची. घरात तांब्याचा गडू समोर आला की ती पाणी प्यायची नाही, उठून नळाला तोंड लावायची. इंदूबाईंना तिनं काही सांगितलं नाही. काय सांगणार? आई, तुझ्या चिंचेनं...? आईला लाज वाटली असती, आणि एका घरात दोघींची लाज मावली नसती.

एके संध्याकाळी प्रशिक दुकानात आला. काचेतून तो दिसताच दीक्षा आतल्या खोलीत पळाली आणि दाराआड उभी राहिली.

"ती नाही आज," श्वेता म्हणाली.

प्रशिकनं काउंटरच्या कडेला पाहिलं. तिथं दीक्षाच्या चपला होत्या. एक सरळ, एक उलटी. तो त्या उलट्या चपलेकडे बराच वेळ पाहत राहिला. मग वाकून त्यानं ती सरळ केली.

"ती आली तं सांगा," तो आतल्या दाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी रागावलो नाही. पुण्याले दुसऱ्या कोणाचा संग्रह गेला, तं जाऊ दे. काही फरक नाही पडत."

तो गेला. दीक्षा बाहेर आली आणि सरळ झालेली चप्पल पाहून तिथंच खाली बसली.

"रागावला नाही म्हणे," श्वेता म्हणाली. "मग आता काय झालं वं? जा ना त्याच्यामागं."

"रागावला असता तं बरं झालं असतं."

"नाणे काही मुद्दाम खराब केले नाही तू. माहीत नव्हतं तुले."

"त्याचं नाही गं..." दीक्षानं गुडघ्यांत तोंड घातलं. "तो लोकांचं ऐकून घेत होता, अन् मी तिथंच उभी होती. ओढणीची घडी करत होती मी, श्वेता! त्याले ते काय काय म्हणून राहिले होते, अन् मी घडी करत होती."

श्वेता तिच्याशेजारी खाली बसली. तिनं विचारलं, "त्या लोकांची बैठक असते ना दर महिन्याले?"

एप्रिलच्या पहिल्या रविवारी हॉलमधले कूलर चालू झाले होते. ओल्या वाळ्याचा वास आणि मोटारींची घरघर. दीक्षा मागच्या दाराशी उभी राहिली तेव्हा दादाजी कसल्याशा नाण्याबद्दल बोलत होते आणि प्रशिक शेवटच्या रांगेत, एकटा, एका टोकाच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या रिकाम्या खुर्च्यांनी तिला पुढं ढकललं.

"सर," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. ती परत म्हणाली, "सर! मले एक सांगायचं आहे."

माना वळल्या. प्रशिक अर्धा उठला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय वळले असते.

"ते फार्दिंग... प्रशिकनं नाही धुतले. मी धुतले. चिंचेनं, मीठ लावून, घरी. त्यानं मले लिहायले दिले होते. त्याले माहीतही नव्हतं, त्यानं इथं येऊनच पाहिलं." तिचा श्वास पुरत नव्हता. "तुम्ही त्याले बोलले ते सगळं मी ऐकलं. इथंच उभी होती... या खांबापाशी. तरी मी बोलली नाही. नाणे धुतले तेव्हा मले माहीत नव्हतं. पण गप्प राहिली तेव्हा मले सगळं माहीत होतं."

दादाजींनी चष्मा काढला, उगाच पुसला.

"बेटा... मी त्या दिवशी अडाणी म्हटलं, ते काही..."

"ते म्हणा तुम्ही, सर. नाण्यातलं मले काहीच समजत नाही. माझं कॉलेजही अर्धंच राहिलं." हे वाक्य इतक्या लोकांसमोर आपल्या तोंडून निघालं याचं तिलाच नवल वाटलं. छत कोसळलं नाही. "पण त्याले टाळ्या नव्हत्या पायजे. एवढंच."

ती वळली आणि चालायला लागली. मागे कुजबुज झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादाजींचा आवाज आला, "प्रशिक, अरे, जा ना तिच्यामागं! बसून काय राहिला?" पण तो आधीच निघाला होता.

त्यानं तिला रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली गाठलं. उन्हाचे कवडसे तिच्या पिवळ्या ओढणीवर हलत होते.

"दीक्षा, थांब ना."

ती थांबली. "आता तू काही चांगलं नको बोलू, प्रशिक. मले सहन नाही होत. तू मले वाचवलं, अन् मी..."

"मी तुले नाही वाचवलं."

तिनं मान वर केली. तो घामानं भिजला होता आणि त्याची नजर खाली, आपल्या बुटांवर होती.

"मी म्हटलं ना 'मी धुतले'... सगळ्यांले वाटलं, तुले वाटलं, की तुझ्यासाठी. तसं नाही..." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "ते हसून राहिले होते. मले वाटलं, आता यांना समजन की ही माझी... की माझ्यासोबतची पोरगी अशी आहे. तिले एवढंही माहीत नाही. मले लाज वाटली, दीक्षा. तुझी. नाणे गेले त्याच्याहून जास्त मले ती भीती वाटली. म्हणून मी म्हटलं, मी धुतले."

दीक्षाच्या मानेवरून ते गरम काहीतरी सरकलं. जुनं, ओळखीचं. इतके महिने ती ज्याला भीत होती तेच वाक्य, आणि ते त्याच्याच तोंडून.

"माझी लाज वाटली तुले."

"हाव."

ती चालायला लागली. तोही चालायला लागला, दोन पावलं मागे. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला, गेला. एक ऑटोवाला दोघांकडे पाहून हळू झाला आणि काय ते समजून पुढं गेला. ती रागानं चालत होती, पण राग काही केल्या नीट पेटेना. कारण त्या खांबापाशी घडी घालत उभी असताना तिलाही नेमकी तीच भीती वाटली होती. या लोकांना समजेल, आपण अडाणी आहोत ते. तिनं स्वतःची लाज धरली होती, त्यानं तिची.

ती एकदम वळली. तो जवळजवळ तिच्या अंगावरच आला.

"काहून सांगतलं मग आज? नसतं सांगतलं तं मले कधी समजलं नसतं. मी तुले जन्मभर देवमाणूस समजली असती."

"तेच तं," तो म्हणाला. "तू एवढ्या जणांपुढं सांगतलं. अन् मी तुझ्या डोळ्यांत फुकटचा मोठा होऊन राहिलो होतो... फुकटचा मोठेपणा किती दिवस मिरवू? तुझ्यासंग राहायचं आहे मले."

"कुठं राहायचं आहे?"

"कुठं म्हणजे..." त्याचे कान लाल व्हायला लागले. "म्हणजे... सोबत. घरी. लग्न करून."

रस्त्यावर भर उन्हात, उसाच्या चिपाडांच्या ढिगाशेजारी. दीक्षाला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दोन्हीला वाट दिली.

"परत कधी माझी लाज वाटली तं?" तिनं ओढणीनं नाक पुसत विचारलं.

"तं तुले सांगीन. तुलेच पहिले सांगीन."

"मलेही तुझी वाटेल कधी कधी."

"माझी? कशाची?"

"तू चहा पितो तेव्हा किती आवाज करतो, माहीत आहे का? त्या दिवशी पूर्ण हॉटेल वळून पाहून राहिलं होतं."

"मग तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

"तेव्हा नवं नवं होतं," ती म्हणाली.

तो हसला. किती तरी दिवसांनी. त्यानं हात पुढं केला, मधेच थांबवला, विचारल्यासारखा. तिनं तो घेतला. त्याचा तळहात खरखरीत होता आणि तिचा घामेजलेला, आणि दोघांनीही तो सोडला नाही. बसमध्ये तिकीट काढतानाही नाही. कंडक्टरला सुट्टे द्यायला प्रशिकला डाव्या हातानं उजवा खिसा चाचपावा लागला.

हुडकेश्वरच्या स्टॉपवर उतरल्यावर मात्र तो थबकला. "आज नको. तुझ्या आईले काय सांगशील? नाण्यांचं समजलं तं त्यांना किती वाईट वाटन."

"वाटू दे. सांगीन मी सगळं. हळूहळू." तिनं त्याला हाताला धरून ओढलं.

इंदूबाई अंगणात वाळत घातलेल्या कुरडया उलटत होत्या. फाटकाचा आवाज आला तशी त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. लेक होती. आणि तिच्या मागे एक उंच मुलगा, ज्याचा हात लेकीच्या हातात होता.

"कोण वं हे?"

दीक्षानं खोल श्वास घेतला. शेजारच्या गच्चीवर जिजाबाई पापड घालत होत्या, त्यांचेही कान इकडेच होते. तिनं आवाज मुळीच खाली केला नाही.

"आई, हा प्रशिक. मले याच्याशी लग्न करायचं आहे."

गच्चीवर पापडांचं ताट वाजलं. इंदूबाईंच्या हातातली कुरडई अर्धी मोडली. आणि प्रशिक, खाणीत तीनशे फूट खाली उतरणारा तो माणूस, दीक्षाच्या ओढणीमागे तोंड लपवता येतं का ते पाहायला लागला.

"याले काय झालं वं?" इंदूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई," दीक्षा म्हणाली. "लाजून राहिला."